टाकीत गोम? खाऱ्या पाण्याचा टँक, नागपूर – तातडीने सल्ला हवा

खारी_शंकरपाळी | ९ एप्रिल, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. वाचक जुनी आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही मनीषनगरला राहतो. हॉलमध्ये तीन बाय दीड बाय दीड फुटांचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, खालची गाळणीची टाकी, म्हणजे संप, धरून साधारण २०० लिटर पाणी. चौदा महिने झाले. दोन क्लाउन मासे, पिवळ्या शेपटीचा एक डॅम्सेल मासा, एक क्लीनर श्रिंप, सात-आठ हर्मिट क्रॅब आणि थोड्या गोगलगायी. कोरल सगळी मऊ जातीची: झोआ, मशरूम आणि एक लेदर. खडक सिरॅमिकचे. सॅलिनिटी १.०२५, तापमान संपवर पंखा लावून २७.

परवा रात्री अडीचला पाणी प्यायला उठले. सहज मोबाइलचा टॉर्च टँकवर मारला, तर लेदरच्या बुडाशी बोटभर लांबीची गुलाबी-तपकिरी गोम! दोन्ही कडांना पांढरे केस, आणि चालताना अंगावरून लाट गेल्यासारखी. उजेड पडताच सर्रकन भोकात गेली. तेही वळून नाही, आली तशीच उलटी मागे सरकत. अंगावर काटा आला. मग खुर्ची ओढून बसलेच. त्या रात्री अकरा मोजल्या. काल रात्री मोजणी तिसाच्या पुढे गेल्यावर सोडून दिली.

सासरे म्हणाले, "गोमच ती, टाकी रिकामी करा." नवरा म्हणाला, "मी तेव्हाच सांगितलं होतं, गप्पी पाळ." मी चिमट्याने एक धरायला गेले, तो निसटला, आणि मी शहाणीने सरळ हाताने उचलला. फड्या निवडुंगाची बारीक कुसं शिरावीत तसं झालं. दोन बोटं अजून हुळहुळताहेत.

ज्यांच्याकडून मासे घेते त्या दुकानदाराने (नाव नको) एक निळं औषध दिलंय. लेबल नाही. "सगळे जंत साफ होतील, दहा मिली टाका," म्हणाले. टाकू का? की खडक बाहेर काढून धुऊ?

---

वऱ्हाडी_ठेचा | ९ एप्रिल, रात्री ११:३१

काऊन जी, झिरो माइलच्या गावात दर्या पोसून राहिले? इथं उन्हाळ्यात नळाले पाणी येत नाही अन् तुमी त्यात मीठ घालून राहिले!

सावजीच्या रश्श्यात टाका त्या गोमी. तो रस्सा पिऊन जे जगलं, त्याले मंग औषध लागत नाही.

---

खाडीकिनारी | ९ एप्रिल, रात्री ११:४८

भाऊ, आधी ती निळी बाटली खाली ठेवा. टाकू नका म्हणजे नकाच.

आता बोटं. कातडीवर सेलोटेप घट्ट चिकटवून झटक्यात ओढा, चार-पाच वेळा. राहिलेल्यावर व्हिनेगरचा बोळा ठेवा. ते केस चुन्याचे असतात, कातडीत शिरून तुटतात. चोळू मात्र नका, आणखी आत जातील.

ही गोम नाही. याला ब्रिसल वर्म म्हणतात, गांडुळाचा समुद्रातला भाऊबंद. रात्री निघतो, उरलेलं खाणं, मेलेलं जनावर, माशांची घाण असं सगळं खातो. वाळूच्या आतपर्यंत जाऊन झाडलोट करणारा दुसरा कोणी तुमच्या टँकमध्ये नाही. मरायला टेकलेल्या कोरलवर तो दिसतो आणि लोक म्हणतात यानेच खाल्लं. मयताच्या घरी जमलेल्यांवर खुनाचा आळ घेण्यातला प्रकार.

खरंच वाईट असे दोन. एक दाढीवाला फायरवर्म, तो जिवंत कोरल खातो, पण तो अटलांटिक, कॅरिबियन आणि भूमध्य समुद्रातला. आपल्याकडे येणाऱ्या मालात मी तरी पाहिलेला नाही. दुसरा युनिस. त्याच्या डोक्यावर पाच मिशा असतात, अंग तेलाच्या तवंगासारखं चमकतं आणि जबडा असतो. तुमच्या किड्याच्या डोक्यावर अशा मिशा आहेत का? फोटो टाका.

आणि एक प्रश्न, खरं उत्तर द्यायचं: दिवसाला खाणं किती टाकता?

---

जुना_लॅबवाला | १० एप्रिल, सकाळी ७:०५

निळं आणि बिनलेबलाचं म्हणजे बहुधा मोरचूद, तांब्याचा क्षार. माशांच्या अंगावरच्या परजीवींवर तांबं चालतं, ते वेगळ्या टाकीत आणि मोजून. कोरल असलेल्या टँकमध्ये गेलं तर श्रिंप, गोगलगायी, हर्मिट, कोरल, सगळ्यांना घेऊन जाईल. शिवाय वाळूत आणि खडकात मुरून बसतं, पाणी कितीही बदला.

खात्री करायची असेल तर चमचाभर औषधात साध्या अमोनियाचे थेंब टाका. आधी फिकट निळसर गढूळ होईल, आणखी थेंब पडले की शाईसारखं गर्द निळं. तसं झालं तर तांबंच. हे खिडकी उघडून करा आणि टँकपासून लांब, नाहीतर अमोनियाने वेगळी आफत.

---

हौशी_हनुमंत | १० एप्रिल, सकाळी ९:४०

एवढं कशाला? खडक काढा, मोठ्या पातेल्यात उकळा, थंड करून परत ठेवा. झालं काम.

---

खाडीकिनारी | १० एप्रिल, सकाळी ९:४४

हनुमंतराव, हा प्रतिसाद खोडून टाका, हात जोडतो.

खडकावर झोआ आहेत. त्यांच्या जातकुळीतल्या काही प्रजातींत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, ज्ञात विषांमधल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. उकळल्यावर ते वाफेबरोबर घरभर होतं. २०१८ मध्ये इंग्लंडात ऑक्सफर्डशायरला टँकमधलं कोरल साफ करताना एक अख्खं कुटुंब दवाखान्यात दाखल झालं होतं. खडक उकळायचा नाही, घरात वाळलेला असेल तरी त्यावर ब्रशही मारायचा नाही.

---

हौशी_हनुमंत | १० एप्रिल, सकाळी १०:०२

बाप रे. मला वाटलं बटाट्यासारखं असेल. माघार.

---

खारी_शंकरपाळी | १० एप्रिल, रात्री १०:१५

आधी एक दुरुस्ती: भाऊ नाही, ताई :)

सेलोटेपने चमत्कार केला. टेपवर केस पांढऱ्या लवेसारखे दिसत होते. अमोनियाची परीक्षाही केली, गॅलरीत. नवऱ्याच्या शब्दांत, "गणपतीच्या मखराला लावतात तो निळा." बाटली कपाटाच्या वर गेलीय. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "बाकीचे गिऱ्हाईक तर टाकतात, ताई."

खाणं दिवसातून एकदाच, संध्याकाळी ऑफिसातून आले की. दोन बोटांच्या चिमटीत मावतील तेवढे पेलेट, मिनिटभरात संपतात.

फोटो टाकलेत. डोक्यावर मिशा वगैरे काही दिसत नाही. तिसऱ्या फोटोत काचेवर गंजासारखे डाग आहेत, तिकडे दुर्लक्ष करा. शेवाळ आहे, महिनाभर येतंय, खरवडते आणि दोन दिवसांत परत.

---

मत्स्यगंधा | १० एप्रिल, रात्री १०:५२

फोटोतला ब्रिसल वर्म साधाच. आमच्याकडे रत्नागिरीत ओहोटीला खडकातला धोंडा उलटला की असलेच चार मिळतात. पण एक लक्षात ठेवा, चिमट्याने ओढून तोडू नका. यातल्या काही जातींत तुटलेल्या तुकड्यापासून नवा किडा तयार होतो. तुम्ही एक मारायला जाल आणि तीन कराल.

---

खाडीकिनारी | १० एप्रिल, रात्री ११:०९

ताई, माफी.

आणि तिसऱ्या फोटोकडे मी अजिबात दुर्लक्ष करणार नाही. ते शेवाळ वाटत नाही. उद्या दुपारी लाइट पूर्ण असताना ड्रॉपरने त्या डागांवर पाण्याची फुंकर मारा. शेवाळ असेल तर पापुद्र्यासारखं निघेल. सुटे सुटे ठिपके गटांगळ्या खात निघाले आणि परत चिकटले, तर भिंग घेऊन एकेकाची मागची बाजू बघा. तीन शेपट्या दिसतात का ते सांगा.

---

खारी_शंकरपाळी | ११ एप्रिल, दुपारी १:३०

तीन शेपट्या.

हाफ डे टाकून बसलेय. काचेवर, वाळूवर, मशरूमच्या टोपीवर, सगळीकडे आहेत. तीळभर, काही त्याहून मोठे. लेदरची एक बाजू मिटलेली होती ती मी ब्रिसल वर्मच्या नावावर टाकली होती. त्या बाजूला आता भिंगातून बघते तर अंगावर तिखट सांडल्यासारखे बसलेत.

---

मत्स्यगंधा | ११ एप्रिल, दुपारी २:१८

हा लाल फ्लॅटवर्म. शास्त्रीय नाव कॉन्व्होल्युट्रिलोबा रेट्रोजेम्मा. रेट्रोजेम्मा म्हणजे उलटी कळी, कारण याचं पिल्लू मागच्या टोकाला उलट्या तोंडाने कळीसारखं फुटतं आणि सुटून चालायला लागतं. जोडीदार लागत नाही, म्हणून एकापासून टँक भरतो.

याच्या अंगात एकपेशीय शैवाल असतं आणि उजेडात ते त्याला जेवण पुरवतं. म्हणून हा भर लाइटमध्ये पसरून बसतो, तर ब्रिसल वर्म उजेडापासून पळतो. तुम्ही रात्री टॉर्च घेऊन शोधलंत, हा दिवसाढवळ्या समोर होता. कोरलला चावत नाही, पण अंगावर गालिचा घालतो, खालच्या कोरलला ऊन मिळत नाही. वर पाण्यातले कोपेपॉड नावाचे बारीक जीवही फस्त करतो.

(अवांतर: नाव फ्लॅटवर्म असलं तरी हे अकॉइल. प्राणिशास्त्रात आता यांना खऱ्या चपट्या कृमींच्या संघात धरत नाहीत. पण दुकानात जाऊन अकॉइलचं औषध मागू नका, कोणाला कळणार नाही.)

---

गुरांचा_डॉक्टर | ११ एप्रिल, रात्री ८:४०

अमरावतीहून. आम्ही शेळ्या-मेंढ्यांना जंतांवर लेव्हामिसोल पाजतो. परदेशात काही हौशी लोक तेच फ्लॅटवर्मवर वापरतात असं वाचलंय. मी मात्र देऊ नका म्हणेन. शेळीला वजनावर डोस काढतो, तुमच्या टँकमध्ये वीस प्रकारचे जीव आहेत, कोणाचं वजन धरणार? फेनबेंडाझोल तर नकोच, गोगलगायींना बाधतं.

---

वऱ्हाडी_ठेचा | ११ एप्रिल, रात्री ८:५५

डॉक्टर साहेब, आमच्या शेळीले पाजा ते, लय दिवसाची खोकलून राहिली. दर्यातल्या जंतापायी गोठ्यातली शेळी इसरू नका.

---

गुरांचा_डॉक्टर | ११ एप्रिल, रात्री ९:०२

खोकला आणि जंतांचा संबंध असू शकतो, फुप्फुसातही जंत होतात. लेंडी तपासून घ्या. वेगळा धागा काढा.

---

खाडीकिनारी | ११ एप्रिल, रात्री ११:३०

आता उपाय, मोठं लिहितोय.

ब्रिसल वर्म तसेच राहू द्या. फारच डोळ्यांत खुपत असतील तर औषधाची प्लॅस्टिक डबी घ्या, झाकणाला उदबत्तीने चार-पाच मिलिमीटरची भोकं पाडा, आत दगड आणि कोळंबीचा तुकडा घालून लाइट बंद झाल्यावर वाळूवर आडवी ठेवा. उजाडायच्या आत काढायची. मी पहिल्यांदा आठ वाजता काढली होती, कोळंबी गायब आणि डबी रिकामी. जेवून हात धुऊन गेले होते.

लाल फ्लॅटवर्मवर सॅलिफर्टचं फ्लॅटवर्म एक्झिट मिळतं, मुंबईहून मागवावं लागेल. औषध सोपं आहे, अवघड काम त्याच्या आधीचं. हे किडे मरताना विष सोडतात. शे-दोनशे मेले तर काही होत नाही, हजारो एकदम मेले तर मासे जातात. म्हणून आधी सायफनने जितके निघतील तितके काढायचे. पाणी बदलायच्या निमित्ताने एअर पंपाच्या बारीक नळीने एकेक ओढायचा. ते पाणी गाळून परत टाकायचं नाही, तुकड्यांतून पुन्हा उभे राहतात. सरळ मोरीत. असं निदान तीन-चार दिवस करा.

डोसच्या दिवशी स्किमर (फेसाबरोबर घाण काढतो तो) बंद, एअर पंप चालू, विष शोषायला नवा कार्बन धुऊन तयार आणि चौथा हिस्सा पाणी मीठ कालवून त्याच तापमानाला तयार. मात्रा बाटलीवर असेल ती. किडे वळकटी होऊन तरंगायला लागले की नळी घेऊन ओढत राहायचं, मग कार्बन, मग पाणी बदल. आठवड्याने पुन्हा एकदा, लपलेल्यांसाठी.

कोणी सांगेल सिक्सलाइन रास मासा आणा. काही रास खातात, काही ढुंकून बघत नाहीत, आणि तो दादागिरी करतो, तुमच्या क्लाउनना छळेल. निळी मखमली समुद्री गोगलगाय मात्र नक्की खाते, फक्त हेच खाते. संपले की उपाशी मरते. मला ते पटत नाही.

---

धरमपेठ_कट्टा | १२ एप्रिल, सकाळी ८:१५

ताई, मी पण नागपूरचाच. जे करायचं ते एप्रिलमध्ये उरका. २०१३ च्या मेमध्ये आपल्याकडे ४७.९ गेलं होतं ते आठवतं ना? पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो, त्यात मेलेल्या किड्यांची भर.

दुसरं, कूलर हॉलमध्येच असेल तर बेडरूमकडे वळवा. संपवरचा पंखा पाणी उडवून थंड करतो, ते आपल्या कोरड्या उन्हाळ्यात झकास चालतं. कूलरने हवा दमट केली की पाणी उडणं मंदावतं आणि टँक दीड-दोन डिग्री चढतो. माझ्याकडे खस बदलली त्याच आठवड्यात चढला होता, मी हीटर खराब झाला म्हणून तो उघडून बसलो.

आणि एक राहिलं: कमी झालेलं पाणी आरओचंच भरता ना, मिठाचं नाही? मीठ उडत नाही. नाही, विचारून ठेवलेलं बरं.

---

फक्त_वाचक | १२ एप्रिल, सकाळी ११:००

कोरल घरी ठेवणं कायद्याने चालतं का? मी ऐकलं होतं बंदी आहे.

---

मत्स्यगंधा | १२ एप्रिल, सकाळी ११:२६

सगळी कठीण, खडक बांधणारी कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्ट १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. समुद्रपंखा, काळं कोरल, अग्निकोरल हेही. त्यांचा मेलेला सांगाडाही नको, म्हणून किनाऱ्यावरून पिशवीत भरून आणणाऱ्यांनी जपावं. झोआ, मशरूम, लेदर त्या यादीत नाहीत. ताईंनी सिरॅमिकचे खडक घेतलेत ते उत्तम केलंय.

---

खारी_शंकरपाळी | १२ एप्रिल, रात्री १०:४०

मग खडक सिरॅमिकचे असताना हे पाहुणे आले कुठून?

---

खाडीकिनारी | १२ एप्रिल, रात्री १०:४७

झोआच्या तुकड्याबरोबर. त्याखालची बोटाएवढी बैठक उलटी करून बघितली होती? पुढच्या वेळी नवा तुकडा टँकच्या खाऱ्या पाण्यात आयोडीनचे थेंब टाकून पाच-दहा मिनिटं बुडवा, हलवा आणि खाली काय पडतं ते पांढऱ्या वाटीत बघा. २००९ मध्ये इंग्लंडातल्या न्यूकीच्या ब्लू रीफ अॅक्वेरियममध्ये कोरल अर्धवट कापलेले दिसायचे. टँक मोकळा केला तेव्हा चार फुटी युनिस निघाला. त्याचं बारसं करून बॅरी नाव ठेवलं. मत्स्यालयात हे होतं, आपण कोण?

---

खारी_शंकरपाळी | २० एप्रिल, रात्री ११:५५

औषध आलंय. पण आज वेगळंच सांगायचंय.

खाडीकिनारी, तुमचा पहिला प्रश्न डोक्यातून जात नव्हता. शंभर ग्रॅमचा पेलेटचा डबा फेब्रुवारीत घेतला होता. माझ्या चिमटीने तो वर्ष काढायला हवा. काल बघितलं तर तळ दिसतोय.

आज रविवार. दुपारी झोपल्याचं सोंग करून आतल्या खोलीत पडले, दार किलकिलं ठेवून. अडीचला बाबा, म्हणजे सासरे, उठले. खुर्ची टँकजवळ ओढली, काचेवर नखाने दोनदा टकटक केलं. दोन्ही क्लाउन वर, अगदी त्यांच्या बोटाशी. मग शर्टाच्या खिशातून खोकल्याच्या औषधाबरोबर येतो तो प्लॅस्टिकचा चमचा काढला, डब्यात बुडवला, काठोकाठ. मासे खाऊन दमले, बाकीचं खाली गेलं. ते तिथेच बसून बोलत होते. साडेतीनला पुन्हा. साडेचारला पुन्हा.

दिवाळीच्या आधी सासूबाई गेल्या. दुपारी घरात ते एकटेच असतात. काय बोलत होते ते मी ऐकलं नाही, दार लावून घेतलं.

पाण्यातलं नायट्रेट, म्हणजे उरलेलं खाणं कुजून वाढतं ते, आत्ता मोजलं, ५० च्या वर. ब्रिसल वर्म का वाढले हे समजलं. पण त्यांना "टाकू नका" कसं म्हणू?

---

वऱ्हाडी_ठेचा | २१ एप्रिल, सकाळी ६:५०

नका म्हणू जी. माह्या बाचं पण असंच, गाईले दिवसातून चारदा पेंड. गाय फुगली पण बा खुश होता.

---

गुरांचा_डॉक्टर | २१ एप्रिल, सकाळी ९:३०

म्हाताऱ्या पेशंटसाठी सात खणांची गोळ्यांची डबी मिळते ना, सोम ते रवि? एक आणा. प्रत्येक खणात त्या दिवसाचे पेलेट मोजून भरा आणि सगळं खाणं त्यांच्याच हाती द्या. तुमची संध्याकाळची चिमूट बंद. त्यांचं काम काढून घेऊ नका, वाढवा.

फक्त त्यांच्या स्वतःच्या गोळ्यांची डबी वेगळ्या रंगाची घ्या. क्लाउनना बीपी नसतं.

---

खारी_शंकरपाळी | २७ एप्रिल, रात्री १२:४०

हात थरथरताहेत, तरी लिहून ठेवते.

सायफन तीन-चार दिवस करा म्हणाला होतात. मी एकच संध्याकाळ केला. मार्चएंड संपला तरी बँकेतलं काम आवरत नाही, आणि आज रविवार मोकळा मिळाला म्हणून घाई केली. डोस दुपारी साडेबाराला. दहा मिनिटांत किडे सुटायला लागले. आधी दोनचार, मग पाणी फिरवणाऱ्या वेव्हमेकरसमोर लाल चुरा उडाल्यासारखे. वाटलं होतं पाचशे असतील. खडकाच्या मागून, संपमधून, कुठून कुठून निघाले. पाणी गुलाबी-तांबूस झालं.

आणि एक वाजून पाच मिनिटांनी लाइट गेली.

इन्व्हर्टरवर वेव्हमेकर आहे, एअर पंप जोडायचा राहिला होता. डॅम्सेल पृष्ठभागावर आडवा. नवरा तांब्याने टँकचं पाणी काढून फूटभर वरून परत ओतत होता, मी पिशवीतला कार्बन वेव्हमेकरसमोर हाताने धरून उभी, आणि बाबा, जे ब्रिसल वर्मला गोम म्हणून टाकी रिकामी करायला निघाले होते ते, तयार ठेवलेल्या पाण्याची बादली एकटे ओढत घेऊन आले. वय शहात्तर. ओरडायलाही वेळ नव्हता.

लाइट पन्नास मिनिटांनी आली. डॅम्सेल गेला. क्लाउन दोन्ही आहेत, श्रिंपही आहे. लेदर पूर्ण मिटलंय.

---

खाडीकिनारी | २७ एप्रिल, रात्री १२:५८

मी जागाच आहे. उद्या सकाळी आणखी चौथा हिस्सा पाणी आणि कार्बन बदला, अमोनिया मोजा. मेलेले ब्रिसल वर्म दिसले तर काढा, ते कुजले तर भर पडेल. लेदर मिटलं म्हणजे मेलं असं नाही, ते आठवडाभर रुसतं, वरची मेणासारखी कात टाकतं आणि उघडतं. त्याला हात लावू नका.

माझा पहिला डोस होता तेव्हा तीन मासे गेले होते. ते मी त्या दिवशीच्या प्रतिसादात लिहायला हवं होतं.

---

धरमपेठ_कट्टा | २८ एप्रिल, सकाळी ७:३०

काल दुपारी आमच्याकडे पण गेली होती. बॅटरीवर चालणारा एअर पंप मिळतो, लाइट गेली की आपोआप सुरू होणारा. माझ्याकडे एक जास्तीचा आहे, आज संध्याकाळी आणून देतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात (व्यनि) पाठवा. चहा नको, तर्री पोहे चालतील.

---

खारी_शंकरपाळी | २९ एप्रिल, रात्री ९:१०

पंप मिळाला, पोहे खाऊन गेले :) अमोनिया शून्य. डबी आणली, निळी.

---

मत्स्यगंधा | १० मे, सकाळी १०:००

ताई, दुसरा डोस झाला का?

---

खारी_शंकरपाळी | ११ मे, रात्री १०:३०

झाला, चार तारखेला. या वेळी आधी तीन रात्री सायफन, बाबा टॉर्च धरून. ते मला दाखवत होते, "तिकडे एक, मशरूमच्या मागे." एकूण बावीस सापडले, डोसनंतर चौदा तरंगले. लेदरने परवा कात टाकली.

---

फक्त_वाचक | २१ जून, रात्री ८:००

धागा वर काढतोय. पुढे काय झालं? मीही टँक घ्यायच्या विचारात होतो, हे वाचून गप्पीवर आलोय.

---

खारी_शंकरपाळी | २२ जून, रात्री ११:१५

गप्पीही छान असतात!

दोनदा पाऊस पडला. हवा दमट झाल्यावर पंख्याने टँक उतरत नाही, २९ वर आहे, धरमपेठकर म्हणाले होते तसंच. मेपासून लाल ठिपका एकही नाही, भिंग घेऊन दर शनिवारी बघते. नायट्रेट १० वर आलंय. ब्रिसल वर्मसाठी डबीचा ट्रॅप लावलाच नाही. काल रात्री अडीचला मुद्दाम उठून मोजले तर सहा. एक मोठा लेदरच्या बुडाशी होता, पेलेटचा तुकडा ओढत मागे मागे भोकात गेला. मी टॉर्च बंद केला.

डॅम्सेलच्या जागी काही आणलं नाही अजून. बाबा म्हणतात घाई नको.

ते दुपारी बरोबर साडेतीनला एक खण उघडतात, टकटक करतात. खण मी रविवारी रात्री भरते, प्रत्येकात बारा पेलेट. आज भरायला घेतली तर उद्याच्या सोमवारच्या खणात आधीच तीन पडलेले होते. मी नऊच टाकले.

---

वऱ्हाडी_ठेचा | २२ जून, रात्री ११:२०

बाबा लय हुशार हाय जी. आमची शेळी पण बरी हाय, डॉक्टरले सांगा.